बसायचं नाही!

मराठी माणसाला डोंगर चढायला कारण लागतं. वर एखादा किल्ला हवा, नाहीतर देवी हवी. दोन्ही असेल तर सोन्याहून पिवळं. नुसताच डोंगर असला तर आपण पायथ्याशी पिठलं-भाकरी खातो, ‘पावसाळ्यात काय दिसत असेल हो इथून!’ असं म्हणतो आणि परत फिरतो. शिवाय चढताना निम्मं लक्ष उतरण्याकडे असतं. चढ दम काढतो, पण उतार गुडघे मागतो, हे प्रत्येक गडावर कोणीतरी वडीलधारं माणूस सांगतंच. त्यामुळे चढायचं जीपनं आणि उतरायचं हवेतून, अशी योजना जेव्हा घरात निघाली, तेव्हा माझ्या आधी माझ्या गुडघ्यांनी तिला संमती दिली.

योजना वन्संची. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. साठी केव्हाच ओलांडलेली, गणित शिकवून निवृत्त झालेली, आणि निवृत्तीनंतर जगाकडे ‘राहिलेला अभ्यासक्रम’ म्हणून बघणारी. हिमाचलला जायचं ठरलं, तेव्हा सिमला-मनाली तिनं एका वाक्यात निकालात काढलं. “तिथे आपलीच माणसं भेटतात. पोह्यांची चौकशी करत हिंडतात.” मग नकाशावर बोट ठेवून म्हणाली, “बीर. इथून उडायचं.”

ह्यांनी ताबडतोब हरकत घेतली. “उडायलाच जायचं तर आपलं कामशेत काय वाईट आहे? लोणावळा लोकलनं तासाभरात. पवना धरण, तिकोना, तुंग, सगळं दिसतं म्हणे वरून.”

“मग आजवर का नाही गेलास?”

“लोकल आहे म्हणून,” हे म्हणाले. ह्या उत्तरात पुणेकरांचं सगळं भूगोलाचं तत्त्वज्ञान आहे. जे तासाभरावर आहे ते कधीही बघता येतं, आणि म्हणून ते कधीच बघितलं जात नाही. कामशेतच्या टेकड्यांवर देशभरातून पोरं येतात, मुक्काम ठोकून उडायला शिकतात, आणि आम्ही तिथून इंद्रायणी तांदूळ तेवढा आणतो.

तर बीर. कांगडा जिल्ह्यातलं हे गाव धौलाधारच्या पायथ्याशी आहे. चहाचे मळे, भाताची खाचरं, तिबेटी वसाहत, तिच्यातल्या मठांची सोनेरी छपरं. डोक्यावर बिलिंग. बिलिंग हे गाव म्हणण्याइतकं गाव नाही. एका कड्याशी संपणारं गवताळ कुरण आहे ते, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,400 मीटरवर. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच माणसाच्याही वर साडेसातशे मीटर जाऊन, तिथून उडी मारायची. 2015 साली पॅराग्लायडिंगचा विश्वचषक इथे भरला होता, तेव्हापासून बीर-बिलिंग हे जोडनाव सगळीकडे झालं. पावसाळ्यात, पंधरा जुलै ते पंधरा सप्टेंबर, उडायला बंदी असते. नंतर आभाळ धुऊन निघतं आणि ऑक्टोबरात तिथे हवा अशी असते, की पुण्याहून आलेल्या माणसाला आपण आजवर नक्की काय ओढत होतो असा प्रश्न पडावा.

आदल्या दिवशी आम्ही बैजनाथला गेलो. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं देखणं दगडी देऊळ आहे. दोघा व्यापारी भावांनी ते बांधलं, असं तिथला शिलालेख सांगतो. पण गावाची खरी गंमत दसऱ्याला. रावण हा मोठा शिवभक्त, त्यानं इथेच तप केलं अशी श्रद्धा, म्हणून बैजनाथमध्ये दसऱ्याला रावण जाळत नाहीत. वन्संना हे फार आवडलं.

“ज्याचं घरचं विमान होतं, त्याच्या गावाजवळून उडायचं. शकुन चांगला आहे.”

“त्या विमानवाल्याचं पुढे काय झालं तेही आठव,” हे म्हणाले.

ह्यांनी उडायचं नाही असं पहिल्यापासून ठरवलं होतं. कारण विचाराल तर, “सामान कोण बघणार?” आता सामान म्हणजे दोन पिशव्या, एक थर्मास आणि वन्संची छत्री. पण मला मजा वेगळ्याच गोष्टीची वाटली. तुकोबांनी वैकुंठाला निघताना आवलीला ‘चल’ म्हटलं आणि तिनं म्हशीचं, पोराबाळांचं कारण सांगितलं, ही कथा आम्ही कीर्तनात ऐकत मोठ्या झालो. प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये विमान पडद्यावर उतरतं तेव्हा माझी आजी हात जोडायची आणि मग डोळे पुसत म्हणायची, “गेली असती बिचारी, तर काय बिघडलं असतं!” पिढ्यान् पिढ्या घरातली बाई सामानापाशी बसली आणि गडी विमानात बसला. आमच्या घरात मात्र थर्मास मांडीवर घेऊन उतरण्याच्या मैदानाशी खुर्ची टाकून बसलेली आवली म्हणजे हे. मी त्यांच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या, फोन दिला, पर्स दिली. हात एवढे मोकळे झाले की त्यांचं काय करायचं ते कळेना.

माझी खरी भीती इथे सुरू झाली, आणि ती उंचीची नव्हती. घरात गॅस बंद आहे ना हे मी बघते. दुधाचा हिशेब, सोसायटीची पावती, कोणाचं औषध किती वाजता, सगळं माझ्याकडे. जगाचा गाडा कोणीतरी लक्ष ठेवल्यामुळे चालतो आणि ते कोणीतरी म्हणजे मी, अशी माझी आतल्या आत ठाम समजूत आहे. उडायचं म्हणजे ही समजूत टप्प्याटप्प्यानं दुसऱ्याच्या हवाली करायची. आधी जीपवाल्याच्या, मग वाऱ्याच्या, मग पाठीशी बांधलेल्या, मुलाच्या वयाच्या एका अनोळखी पोराच्या.

पहिला टप्पा जीपचा. पायलट आपल्याबरोबरच वर येतात. त्यांचे पंख गोणपाटाएवढ्या पिशव्यांत भरून टपावर बांधलेले, आणि ते स्वतः मागच्या बाकावर मान टाकून झोपलेले. बीर ते बिलिंग रस्ता साधारण चौदा किलोमीटरचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हिमाचल प्रदेश. समोरून गाडी आली की दोन्ही ड्रायव्हर काचा खाली करून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात, आणि तेवढ्या गप्पांत एक गाडी कधी, कशी मागे सरकली आणि दुसरी कधी पुढे गेली ते कळत नाही. माझा उजवा पाय चौदा किलोमीटर ब्रेकवर होता. ब्रेक अर्थातच माझ्या बाजूला नव्हता. वन्सं खिडकीतून डोकं बाहेर काढून दरीची खोली अजमावत होती.

“अगं, इथून दगड सोडला तर किती सेकंदांनी—”

“वन्सं, नको ना.”

चीडाची, म्हणजे पाइनची झाडं संपून बानाची, म्हणजे ओकची लागली, मग देवदार. एका वळणावर गाडी थांबली. समोरून मेंढरांचा लोंढा येत होता. शेकड्यांनी मेंढ्या, मध्ये मध्ये शेळ्या, दोन राखणीचे कुत्रे, आणि मागून गद्दी मेंढपाळ. अंगात लोकरीचा चोळा, कमरेला काळ्या दोरखंडाचे वेढे, चोळ्याच्या पोटात एक कोकरू. उन्हाळ्यात हे लोक कळप घेऊन उंच कुरणांवर जातात. बिलिंगच्या मागे थमसर खिंड, आणि तिच्या पलीकडे बडा भंगालचा मुलूख. बर्फाची चाहूल लागली की खाली सरकतात. आपल्याकडचा धनगर पावसाचा अंदाज घेऊन वाट धरतो, हा बर्फाचा. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, हॉर्नला हातही लावला नाही. कळप पूर्ण निघून जाईपर्यंत तो स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बघत राहिला. मला त्या क्षणी तो ड्रायव्हर विश्वासाचा वाटला. जो मेंढीसाठी थांबतो तो दरीच्या कडेलाही थांबेल.

वर पोचलो तर उडायची कसली घाई! कुरणभर रंगीत कापडं पसरलेली, पापड वाळत घालावेत तशी, आणि पोरं चहा पीत बसलेली. आमच्याच जीपमधले पायलट जागे झाले, आळोखेपिळोखे दिले आणि मॅगीच्या टपरीकडे गेले. दिल्लीहून आलेले एक गृहस्थ घड्याळ दाखवत फिरत होते. त्यांचं दहाचं बुकिंग होतं. ते ज्याला त्याला सांगत होते, आणि ज्याला त्याला ते पटतही होतं, फक्त वाऱ्याला कोणी कळवलं नव्हतं.

ह्या कारभारात वाट बघण्याचा भाग किती मोठा असतो, हे कोणी आधी सांगत नाही. फोटोत फक्त उडणं येतं. बिलिंगचा उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन चढतं, उतार तापतो, त्याला लगटलेली हवा गरम होऊन हलकी होते आणि उतार धरून वर सरकू लागते. तिची जागा घ्यायला दरीतली हवा मागोमाग येते. हा दरीतून चढणारा वारा समोरून, बेताचा, एकसारखा आला की निघायचं. पाठीमागून आला तर चहा. फार जोरात आला तरी चहा. कड्याशी एका काठीला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी लावलेली होती. आधी ती मलूल लोंबत होती, मग जरा फुगली, पुन्हा पडली. सगळं कुरण तिच्याकडे डोळे लावून बसलेलं. गवत उपटून हवेत सोडणं, पलीकडच्या धारेवरच्या ढगाकडे बघणं, पुन्हा नळीकडे बघणं, हे पोरं मधूनमधून सहज केल्यासारखं करत. म्हणजे चहा पिताना त्यांचं काम चालूच होतं.

वन्संनी त्या वेळात पंखाची तपासणी केली. पंखात काडी नाही, सळई नाही, सांगाडा नाही. निव्वळ दुहेरी कापड. पुढच्या कडेला ओळीनं उघडी तोंडं असतात, त्यांतून वारा आत शिरतो, कप्पे फुगतात आणि कापडाला पंखाचा घाट येतो. ही युक्ती 1960 च्या दशकात डॉमिना जॅल्बर्ट नावाच्या अमेरिकेतल्या एका पतंग करणाऱ्या माणसाची. पण तिचा हा असा उपयोग सुरू झाला फ्रान्समध्ये, 1978 साली, आणि त्याची हकिगत ऐकून मला फ्रेंच लोकांबद्दल एकदम जवळीक वाटली. बेतां, बोसों आणि बोन हे तिघे पॅराशूटवाले होते. विमानातून उडी मारायची तर विमानाचं भाडं दर वेळी भरावं लागतं. त्यांनी विचार केला, म्यूसी गावाला एवढा डोंगर आहे, त्याच्या उतारावरून पळत सुटलं आणि तशीच उडी घेतली तर? फुकट! ते पळाले आणि तरंगले. सगळ्या जगाला आज जो खेळ माहीत आहे, त्याच्या मुळाशी शौर्यबिर्य काही नसून भाडं वाचवण्याची काटकसर आहे. हे सदाशिव पेठेत घडायला हवं होतं. पर्वती तेवढी कमी पडली.

मग एकाएकी नळी आडवी झाली, आणि झोपाळू दिसणारं सगळं कुरण खडबडून कामाला लागलं. माझ्या वाट्याचा पोरगा आला. विशीतला, दाढी फुटायच्या बेतात. एरवी वांगी घेताना मी चार टोपल्या हिंडते, रिक्षाचा मीटर चालू पडला का ते वाकून बघते. ह्या पोराचं नाव मी विचारलं तेव्हा त्याचे माझ्या मांड्यांचे पट्टे आवळून झाले होते. वजन विचारलं. मी आकडा पुटपुटले. वन्संनी लांबून दुरुस्ती केली, खणखणीत आवाजात. सगळ्या कुरणाला कळलं. पोरगा समजूतदार होता; “कोई बात नहीं आंटीजी, हवा अच्छी है,” म्हणाला. माझं वजन वाऱ्याच्या ताकदीत मोजलं जाण्याची ही पहिलीच वेळ.

पट्टे त्यानं एकदा तपासले, पुन्हा तपासले, मग बाजूच्या पायलटला तपासायला लावले. कडी लावताना ओठांची हालचाल करत मनात काहीतरी मोजत होता. गॅसचा खटका मीही असाच बघते, दारातून परत येऊन. आपल्या जातीचं माणूस भेटलं म्हणून मी जरा सैल झाले.

“आंटीजी, एक ही काम है. मैं बोलूँ तो दौड़ना. दौड़ते रहना. बैठना नहीं.”

आयुष्यभर मला कोणी पळ असं सांगितलेलं नाही. बस, हेच सांगितलं. आल्यागेल्यानं ‘बसा हो, किती धावपळ करता’ म्हणायचं आणि आपण बसल्यासारखं करायचं, ही आपली रीत. इथे समोर कडा, त्यापुढे हजार मीटर मोकळी हवा, आणि सूचना एकच. पळा. जे घाबरून मध्येच बसतात त्यांची पंचाईत होते, कारण पंख अजून पुरता पेलत नसतो आणि पायही जमीन सोडून देतात. आधी एक जाडजूड तरुण असाच बसला, आणि दोघं गवतावर घसरत दहा पावलं पुढे जाऊन थांबले. उठून त्यानं पॅन्ट झटकली आणि सगळ्यांकडे असं बघितलं, जणू ठरवून केलं.

वन्सं आधी गेली. पळाली म्हणण्यापेक्षा, शाळा सुटल्याची घंटा ऐकलेल्या पोरासारखी सुटली. चार ढांगांत कुरण संपलं आणि वन्सं हवेत गेली. तिथून तिचा आवाज आला, “अगं, सोप्पंय!”

मी पळाले. तिसऱ्या पावलाला मागून कोणीतरी पदर धरावा तशी ओढ लागली, पाचव्याला पाय हवेतच चालत होते, आणि मी तरीही पळत राहिले. पोरगा मागून हसत म्हणाला, “बस आंटीजी, अब बैठ जाओ.” मला वाटतं मी बरीच दूरपर्यंत पळाले असेन.

वर गेल्यावर सांगण्यासारखं फारसं उरत नाही, कारण वर काही करायचंच नसतं. एखाद्या आरामखुर्चीत बसून राहायचं, पाय लोंबकळत, कानाशी वारा. आवाज नाही, इंजिन नाही. पायांखाली देवदारांचे शेंडे. आपण एवढे डोंगर चढलो, पण झाडांचे शेंडे वरून बघायची सवय आपल्याला नाही. आपण खालून बघणारी माणसं. पोराच्या खांद्याशी एक यंत्र होतं, हवा वर नेत असली की टीप-टीप बोलायचं आणि खाली यायला लागलो की रडका सूर काढायचं. टीप-टीप वाढलं की तो एका दोरीवर जोर द्यायचा आणि आम्ही गोल फिरत वर चढायचो.

हवेचा असा उबदार खांब कुठे आहे हे त्याला यंत्राच्या आधी गिधाडं सांगत होती. हिमालयी गिधाडं, मोठ्या पंखांची, पंख न हलवता फिरत. एक तर एवढं जवळून गेलं की त्याच्या मानेची पांढरट लव दिसली, आणि त्यानं माझ्याकडे अगदी अनास्थेनं बघितलं. लहानपणी गावाबाहेर गिधाडांचा थवा उतरलेला मी बघितला आहे. आता आपल्याकडे ते दृश्य राहिलं नाही. गुरांना डायक्लोफेनॅक द्यायचे, ती गुरं मेल्यावर खाऊन गिधाडं मेली. काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. 2006 मध्ये गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. गुडघेदुखीला तीच गोळी मी घेतलेली आहे. हजारभर मीटर उंचीवर, पक्ष्याच्या शेजारी तरंगताना हे आठवलं आणि उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

समोर वन्सं दिसत होती. तिचा पंख केशरी. ती हातवारे करून पायलटला काहीतरी समजावत होती. नंतर कळलं, ती गणित करत होती: शांत हवेत पंख सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतो, खाली हजारेक मीटर आहे, म्हणजे सतराएक मिनिटांत जमीन; मग तिकिटावर ‘पंधरा ते वीस मिनिटं’ लिहिलंय ते बरोबर आहे. पायलट म्हणाला, “जी मॅम.” तो बहुधा दहावीत गणितात नापास झाल्याची आठवण जागी होऊन गप्प झाला असावा.

खाली चहाचे मळे मोठे होऊ लागले, मठाचं छप्पर चकाकलं, मग मैदान आलं, आणि त्याच्या कडेला खुर्चीत थर्मास धरलेला एक ठिपका. “पैर ऊपर, आंटीजी!” मी पाय वर केले. बूड गवताला लागलं, पंख मागे सळसळत कोसळला आणि पोरानं कड्या सोडवायला घेतल्या. हे धावत आले. माझ्याकडे बघून म्हणाले, “गॅसबद्दल शेजाऱ्यांना फोन केला होता. बंद आहे.”

मी म्हणाले, “कुठला गॅस?”

तोवर वन्सं व्हिडिओवाल्याशी भांडत होती. उडताना काठीला कॅमेरा लावून चित्रण करतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. तिच्या चित्रणात सबंध वेळ ती बोलते आहे आणि वाऱ्यामुळे एक अक्षर ऐकू येत नाही, तेव्हा निम्मेच पैसे द्यावेत, असा तिचा मुद्दा. पोरानं शेवटी हात टेकले. मग तिनं पूर्ण पैसे दिले आणि वर विचारलं, ह्याहून लांबचं काही असतं का?

पोरगा म्हणाला, असतं. हवा चांगली असली तर धौलाधारची रांग धरून धरमशालेपर्यंत जातात, तासन् तास लागतात.

वन्सं ह्यांच्याकडे वळली. “काय रे, एवढ्या वेळात भूक लागते. वर डबा चालत असेल का?”

ह्यांनी थर्मासचं झाकण घट्ट बसवलं. “विचारतो,” म्हणाले, आणि खरंच चौकशी करायला गेले.